निळ्या पट्ट्यांची चप्पल

मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला ती मुलगी उठली, ओढणी सारखी केली आणि रुग्णालयातल्या माझ्या खोलीचा पडदा सारून बाहेर गेली. पाण्याची बाटली भरायला मी तिच्या मागोमाग उठले, नाहीतर मला हे कधी कळलंच नसतं. ती दाराबाहेर उभी राहून चप्पल घालत होती. निळ्या पट्ट्यांची साधी हवाई चप्पल, मर्दानी, नऊ नंबरची तरी असावी, तिच्या पावलांना चांगली चार बोटं मोठी. उजव्या टाचेशी विडीचा चटका बसून पडलेलं एक काळं भोक. मुलगी व्हरांड्यातून फटक फटक करत गेली आणि मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ते भोक मी काल पाहिलं होतं. काल ती चप्पल एका मुलाच्या पायात होती. पहिल्यांदा वाटलं, भाऊबहीण असतील. पण तो मुलगा पोवारी बोलीच्या वळणाने बोलत होता आणि ही गोंदियाच्या हिंदीत. त्याला दाढी येत नव्हती म्हणून झोप लागत नव्हती आणि हिला कोणीतरी सांगितलं होतं की एकदा गळाभेट झाली की पोट राहतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं काही केल्या वाटेना. बाटली न भरताच मी आत येऊन बसले.

चौकसपणा हा माझा जुना रोग आहे. लहानपणी आमच्या घरी कोणी आलं की बाबा ओसरीवरून हाक मारायचे, "मंजू, चपला पाहून पानी आन वो." म्हणजे दारातल्या चपलांचे जोड मोजायचे आणि तितके पेले भरून न्यायचे. आत डोकावून माणसं मोजत बसणं बरं दिसत नाही, चपला मोजल्या की झालं. मला नुसतं मोजून भागत नसे. ही झिजलेली टाच म्हणजे एका पायाने फरफटत चालणारे बांगडकर गुरुजी, हा चिखल धानाच्या बांधीतला म्हणजे वाड्याकडचा शालीकराम काका, ही नवी कोरी चामडी म्हणजे मुलगी पाहायला आलेले कोणीतरी. पेले नेण्याआधीच मला माहीत असायचं की आत कोण बसलंय, आणि बाबा, केशोराव पाटील म्हणून गावात दबदबा असलेला माणूस, माझं हे कौतुक पाहुण्यांना सांगायचे. आमच्याकडे सगळ्यांनाच हे थोडंफार येतं. माणसाला चेहऱ्याआधी चपलेवरून ओळखतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती अकरा वर्षांच्या नोकरीत विसरले.

या रुग्णालयात मी कंत्राटी समुपदेशक आहे. व्हरांड्याच्या टोकाची खोली माझी. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी यावं, जे कोणाला विचारता येत नाही ते विचारावं, गोळी हवी तर गोळी घ्यावी, तपासणी हवी तर डॉक्टरांकडे जावं, आणि यातलं काही बाहेर जाऊ नये, एवढंच त्या खोलीचं काम. पहिली कित्येक वर्षं तिथे कोणी येत नसे. लोखंडी टेबल, टेबलाच्या पलीकडे मी, भिंतीवर गर्भाशयाचं चित्र, आणि शेजारी लसीकरणाच्या खोलीत रडणारी लेकरं. जी यायची त्यांना शाळेच्या बाई हाताला धरून आणायच्या, म्हणजे मुलगी आपण होऊन आलेलीच नसायची. दोन वर्षांपूर्वी मी हट्टाने सगळं बदललं. टेबल हलवलं. चित्र काढून खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावला. घरून सतरंजी आणली, लाल-हिरव्या पट्ट्यांची, आईने, अनुसयाबाईने, माझ्या लग्नात दिलेली. खाली बसायचं, भिंतीला टेकायचं, घरच्यासारखं. नोंदवहीतला नावाचा रकाना काढून टाकायला मी जिल्ह्याच्या बैठकीत तीनदा भांडले आणि चौथ्यांदा जिंकले. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर, वय, मुलगा की मुलगी, आणि कशासाठी. जिल्ह्याच्या साहेबांनी भेट दिली तेव्हा ते स्वतः बूट काढून सतरंजीवर बसले आणि म्हणाले, असं वाटलं पाहिजे. माझा फोटोही काढला त्यांनी. सतरंजी म्हटलं की चपला बाहेर, हे इतकं आपसूक होतं की त्यात काही ठरवावं लागतं असं कोणाला वाटलंच नाही.

नावाच्या रकान्यासाठी मी इतकी का भांडले, ते साहेबांना सांगितलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना आई मला घेऊन अर्जुनी मोरगावला एका दवाखान्यात गेली होती. बसमध्ये तिने मला खिडकीशी बसवलं. दवाखान्यात बाकावर वीसेक माणसं. आईने कंपाउंडरच्या कानाशी लागून सांगितलं, आणि त्याने कागदावर लिहिता लिहिता मान वर करून अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "पांढरं कोनाले जाते? तुमाले का पोरीले?" बाकावरच्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही, नुसतं उत्तर कळावं म्हणून पाहिलं. त्याच्याही अंगात माझाच चौकसपणाचा रोग होता. आई उठली, माझा हात धरला आणि आम्ही परतीच्या बसची वाट पाहत दोन तास उन्हात उभ्या राहिलो. ते दुखणं मी पुढे दोन वर्षं अंगावर काढलं. इतक्या वर्षांनी त्या दुखण्याचं काही आठवत नाही, पण त्या म्हाताऱ्याचे उत्सुक डोळे अजून आठवतात.

तर सतरंजी घातल्यावर मुलं येऊ लागली, आणि मग पुन्हा थांबली. का थांबली याचा मी फार विचार केला नाही, परीक्षा असतील म्हटलं. आता मात्र त्या भोकाकडे पाहिल्यापासून एकेक गोष्ट आठवू लागली. नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटवर जंगल दाखवणारा एक गाईड आला होता, एकोणीस वर्षांचा, त्याचे ते हिरवे कॅनव्हासचे बूट. असे बूट नागझिऱ्याच्या गाईडांशिवाय कोणी घालत नाही. तो आत बसलेला असताना आमचा शिपाई गोवर्धन पडद्याबाहेरून मोठ्याने कोणाला तरी सांगत होता, "अंदर जंगलातला गाईड बसला हाय, बूट पाहा नं." मुलगा बोलता बोलता थांबला आणि डोकं दुखतंय म्हणून एक गोळी घेऊन निघून गेला. डोकं त्याचं दुखत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. गोवर्धनला मी रागावले. तो म्हणाला, "म्या नाव थोडी घेतलं म्याडम?" खरंच त्याने नाव घेतलं नव्हतं. मी मोठ्याने बोलू नको म्हटलं, पण बूट बाहेर का, हे माझ्या मनातही आलं नाही. माझ्याच सतरंजीवर बसवून, माझ्याच पडद्याआड, मी त्या पोराला बाजारात उभं केलं होतं.

मग पावसाळा सरता सरता मुलं पुन्हा यायला लागली होती, पूर्वीपेक्षाही जास्त, आणि मी त्याचं सगळं श्रेय सतरंजीला दिलं होतं. बुधवारी मी मुद्दाम दाराकडे लक्ष ठेवून बसले. अकराला एक मुलगा आला, फटक फटक. बाराला दोन मैत्रिणी आल्या, त्यातली एक बाहेरच व्हरांड्याच्या टोकाला थांबली आणि दुसरी आत आली, फटक फटक. तीच निळी चप्पल, तेच भोक. मी त्यांच्याशी बोलत होते, नेहमीसारखं हसत होते, आयर्नची गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही म्हणून सांगत होते, आणि माझं अर्धं लक्ष दाराबाहेर होतं. मुलगी गेल्यावर खिडकीचा पडदा बोटभर सारून पाहिलं. ती मोठ्या फाटकाकडे गेली नाही. मागच्या फाटकाकडे गेली, जिथे भिंतीला लागून धुरपताबाईचा पोह्यांचा ठेला आहे आणि कॉलेजची मुलं तर्री ओरपत उभी असतात. मला हसूही येत होतं आणि एक चमत्कारिक भीतीही वाटत होती. आपल्या घरात आपल्याला ठाऊक नसलेलं एक दार आहे असं अचानक कळावं, तसं काहीतरी.

गुरुवारी मी रुग्णालयात नसते. गुरुवारी शाळांना भेटी द्यायच्या असतात, आणि माझ्या जागी टीना सिस्टर बसते. सत्तावीस वर्षांची पोरगी, मीच तिला शिकवलं. त्या गुरुवारी ज्या शाळेत गेले तिथे पाहुणे आले होते, मुख्याध्यापक म्हणाले पुढच्या आठवड्यात घेऊ, आणि साडेबारालाच मी परत निघाले. ड्रायव्हरला सांगून मी मागच्या फाटकाशी उतरले. ठेल्यावर कोणी नव्हतं. धुरपताबाई कढईतले पोहे उलथत होती. साठीची बाई, कपाळावर मोठं गोंदण, डोक्यावर पदर.

"या जी म्याडम. पोहे देऊ का? तर्री टाकून?"

मी पोहे घेतले आणि बाकावर बसले. बाकाखाली पायाला काहीतरी लागलं, खताची जुनी चुंगडी, म्हणजे पोतं, तोंड नुसतं मुडपलेलं. मी खाल्लं न खाल्लं आणि विचारून टाकलं, "बाई, ती निळी हवाई चप्पल कोणाची आहे? टाचेला भोक असलेली?"

"थे? थे आमच्या बुढ्याची. बुढा जाऊन दोन वर्सं झाले. फेकाले जीव नाही झाला. मंग पोराईच्या कामी आली."

"कोणत्या कामी?"

तिने उलथणं कढईच्या काठावर ठेवलं आणि मी मस्करी करते आहे की काय म्हणून माझ्याकडे पाहिलं. "तुमालेच ठाऊक नाही का जी? तुमच्याच खोलीत तर जाऊन राहिले सारे. पानी-पावसाच्या दिवसात एक पोरगी इथंच बसून रडून राहिली होती. म्हनलं, काऊन रडून राहिली वो माय? तं म्हने, अंदर जाचं हाय, पन चप्पल बाहेर काढा लागते. आन् माही चप्पल मामानं घेऊन देल्ली, मामा इथंच बीपीच्या गोळ्या घ्याले येते, पाहिल्याबरोबर ओळखन. मंग म्या बुढ्याची काढून देल्ली. म्हनलं, जाय. मेलेल्या मानसाची चप्पल कोन ओळखते?" ती हसली. "तिनं मंग आपल्या मैतरनीले सांगतलं. आता रोजच येतेत. आपली चप्पल चुंगडीत टाकतेत, बुढ्याची घालतेत, जातेत. बुढा जितेपनी एवढा नाही हिंडला."

मीही हसले. खरं तर मला रडावंसं वाटत होतं, इतकं ते साधं होतं आणि इतकं माझ्या नजरेतून सुटलेलं होतं. अकरा वर्षं बैठका, तक्ते, रकाने, आणि काम केलं ते या बाईने, एका मेलेल्या नवऱ्याच्या चपलेने. मनात एकदम मोकळं मोकळं वाटलं. त्या मोकळेपणात मी तोच प्रश्न विचारला जो विचारायचा नसतो. "आणि आता आत कोण आहे?"

धुरपताबाईने पुन्हा उलथणं उचललं. "ते नाही इचाराचं जी. म्या बी नाही इचारत." आणि मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, असं मला नंतर वाटत राहिलं. तिने पोह्यांवर कांदा भुरभुरला. मी बशी खाली ठेवायला वाकले आणि चुंगडीचं तोंड आपोआप उघडलं, की मी उघडलं, आता सांगता येत नाही. आत एक जोड होता. तपकिरी सँडल, डाव्या पायाचा पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला. वेडेवाकडे सहा टाके, धानाची पोती शिवायच्या दाभणाने घातलेले. रविवारी सकाळी अंगणात बसून मीच घातले होते ते. तपकिरी दोरा घरात नव्हता. भूमिका वैतागून म्हणाली होती, "लाल काऊन घेतलास आई? साऱ्याईले दिसन नं." दिसलं की छानच दिसेल, असं काहीतरी मी म्हणाले होते.

मी पोहे तसेच टाकून उठले. मागच्या फाटकापासून माझी खोली शंभर पावलांवर आहे. तेवढ्या वाटेत मला काय काय वाटलं ते सगळं सांगता येणार नाही, पण राग आला होता हे सरळ सांगते. माझी मुलगी. एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, जिला पहिली पाळी आली तेव्हा मी घाबरवलं नाही, कोपऱ्यात बसवलं नाही, सगळं नीट समजावून सांगितलं. जिच्यासमोर घरात कुठलाही शब्द दबक्या आवाजात बोलला जात नाही. तालुक्यातली पोरं ज्या बाईकडे येतात तिच्या पोटची पोरगी, आणि ती गुरुवार निवडते. आई नसते तो वार. आणि रागाच्या खाली भीती होती. काय झालंय हिला? कोण आहे? कधीपासून? गेला महिनाभर ती जेवणात वांगी बाजूला काढत होती, ते मला आठवलं. एकदा अंघोळीला फार वेळ लागला होता, तेही आठवलं. वांग्याचा आणि याचा काय संबंध, पण त्या वेळी सगळ्याचा सगळ्याशी संबंध होता.

व्हरांड्यात माझ्या दाराबाहेर निळी चप्पल होती. दोन्ही चपला सरळ, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या, भूमिका घरी ठेवते तशाच. गोवर्धन स्टुलावरून उठला. "आज जल्दी आल्या म्याडम?" आणि मग आवाज खाली आणून, कारण मागे मी त्याला तसं शिकवलं होतं, "टीना शिस्टर अर्ध्या घंट्यापासून बोलून राहिल्या. म्या चाय प्याले गेल्तो, कोन हाय काई समजूनच नाही राहिलं. आजकाल सब पोट्टे येकच चप्पल घालून येतेत." बिचारा खरोखर गोंधळलेला होता. अर्धा तास. मी या कामातली जुनी बाई, मला माहीत आहे कशाला किती वेळ लागतो. पाळी मागेपुढे होत असेल तर दहा-बारा मिनिटं. रक्त कमी असेल तर त्याहून कमी. अर्धा तास कशाला लागतो ते मला चांगलंच माहीत होतं आणि तिथे उभी राहून मी ते मोजत होते. पडद्याच्या फटीतून टीनाचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, मी शिकवलेला, सावकाश आणि खालच्या पट्टीतला. खोली माझी होती. पर्स विसरले म्हणून आत शिरले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. हात पडद्यापर्यंत गेला होता. आणि मला त्या पडद्यावर स्वतःचा हात दिसला, नखांत पोह्याची हळद, आणि का कोण जाणे, अर्जुनीच्या बाकावरचा तो म्हातारा आठवला. आत आवाज थांबला, कोणीतरी उठल्याची चाहूल लागली, आणि मी, सेहेचाळीस वर्षांची बाई, पटकन शेजारच्या लसीकरणाच्या खोलीत शिरले आणि बर्फाच्या डब्यांमागे लपून उभी राहिले. बाहेरून फटक फटक आवाज गेला. घाईने नाही, रेंगाळतही नाही. कान देऊन मी तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा लाल टाक्यांची सँडल दाराशी होती. देवानंद, माझा नवरा, शेतावरून येऊन चहा घेत होता. धान कापायला माणसं मिळत नाहीत म्हणून त्याचं चाललं होतं. भूमिकाने मला पाणी आणून दिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काहीच वेगळं नव्हतं, आणि काहीच वेगळं नाही याचीच मला भीती वाटली. जेवताना एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तुझा दिवस कसा गेला, एवढं साधं. पण ते साधं राहिलं नव्हतं, त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि आमच्या घरात सगळ्यांना असले प्रश्न लगेच ओळखू येतात. देवानंद म्हणाला, "आज तू बोलून काऊन नाही राहिली वो?" मी म्हटलं, दाढ दुखते. भूमिकाने ताटातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी रुग्णालयात पोहोचले. कपाट उघडलं. ती वही माझी आहे, मी रोज उघडते, रोज लिहिते, त्यामुळे उघडण्यात चूक काहीच नव्हती, आणि मी चूक करते आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. गुरुवारच्या चार नोंदी होत्या, टीनाच्या गोल गोल अक्षरात. एक मुलगा, सोळा. एक मुलगी, चौदा. आणि मग दोन मुली. मुलगी, एकोणीस. मुलगी, एकोणीस. पहिलीपुढे लिहिलं होतं, पाळी अनियमित, रक्त तपासणी सांगितली. दुसरीपुढे, गर्भनिरोधकाची माहिती, भीती आहे, पुन्हा येणार. त्यापलीकडे काही नाही. वेळही नाही, तो रकानाही मीच नको म्हटला होता. मी त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसले. ही की ती? एकीवर बोट ठेवलं की छाती हलकी व्हायची, दुसरीवर ठेवलं की जड. मग मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या ओळीतली मुलगी कोणाची तरी असेलच ना, आणि ती माझी नसावी म्हणून मी देवाला विनवत होते, जसं काही तिने काही पाप केलंय. तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्यावर जिथे जायला हवं तिथे ती आली. इतकी वर्षं मी गावोगावी दुसरं काय सांगत होते? नावाच्या रकान्यासाठी मी तीनदा भांडले होते, पण तो रकाना एक दिवस माझ्याच डोळ्यांपासून काहीतरी राखून ठेवेल, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

टीना आली. दारात चप्पल काढताना तिने मला पाहिलं, वही पाहिली, वहीतलं बोट पाहिलं. "ताई, काही शोधून राहिल्या का?" मी नाही म्हटलं. तिने भूमिकाला कधी पाहिलंय का, दिवाळीच्या फराळाला आली होती तेव्हा भूमिका घरी होती का, हे मी आठवायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. टीनाने काही विचारलं नाही. तिचा चेहरा इतका शांत होता की ती जाणते आहे की नाही हेही कळू नये, आणि हाच चेहरा मी तिला आरशासमोर बसवून शिकवला होता. गुरुवारच्या नोंदी यापुढे वेगळ्या वहीत लिही, मी म्हटलं, आणि ती वही तुझ्याकडे ठेव. तिने मान हलवली. मग मी सतरंजीचं एक टोक धरलं आणि तिला दुसरं धरायला सांगितलं.

गोवर्धनला हे मुळीच पटलं नाही. "सायबानं फोटू काढला होता म्याडम. आता काऊन गुंडाळून राहिल्या?" मी म्हटलं, यापुढे चपला घालूनच आत यायचं, चिखल असो, शेण असो. "मंग झाडाचं कोनं?" मी झाडेन, म्हटलं. दोन खुर्च्या आणि एक बाक आत आणला, आणि गोवर्धनचं स्टूल व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, केसपेपरच्या खिडकीपाशी नेऊन ठेवलं. खोली थोडी ओकीबोकी दिसू लागली. सतरंजी नसल्याने आवाज घुमत होता. दुपारी ठेल्यावर जाऊन धुरपताबाईला सांगितलं की आता तुझ्या बुढ्याला आराम दे. तिने चुंगडीकडे पाहिलं. "राहू द्या जी. येखांद्याले अजून भरोसा नाही येनार. लागन कोनाले तरी." तिचं बरोबर होतं. सोमवारी तिघं जण आले, दोघं स्वतःच्या चपलांत आणि एक मुलगी अजूनही फटक फटक करत.

मला वाटलं होतं, वहीत पाहून झालं, सतरंजी उचलून झाली, आता आपला जीव थाऱ्यावर येईल. तसं काही झालं नाही. रोज संध्याकाळी मी लाल टाके पाहत होते. भूमिका फोनवर हळू बोलली की माझे कान तिकडे जात होते. ही की ती, हा प्रश्न मी भांडी घासताना घासत होते. एकदा तर ती अंघोळीला गेली असताना तिची कॉलेजची बॅग माझ्या हातात होती. तिची चेन मी अर्धी उघडली, पुन्हा लावली, आणि बॅग होती तिथे ठेवली. न विचारणं हे काम किती कष्टाचं आहे ते दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत मला कधी कळलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मुलांना न विचारण्याचा मला पगार मिळतो.

पुढच्या रविवारी नवा तांदूळ आला होता. आम्ही दोघी अंगणात सुपं घेऊन निवडत बसलो होतो. ऊन कोवळं होतं, देवानंद शेतावर गेला होता. मग भूमिका सुपातून नजर न काढता म्हणाली, "आई, तुझ्या इथं आता चप्पल घालूनच अंदर जाऊ देऊन राहिले म्हने?"

तुला कोण म्हणालं? तीनच शब्द. जिभेच्या टोकावर आलेले, माझ्या आईचे, बाबांचे, गोवर्धनचे, अख्ख्या गावाचे शब्द. माझा हात सुपात थांबला. तिचाही थांबलेला मला दिसला. ती त्या तीन शब्दांची वाट पाहत होती. मान खाली होती, पण मानेवरची शीर ताठ झाली होती, लहानपणी इंजेक्शनच्या आधी व्हायची तशी. ते शब्द मी कसे गिळले ते मलाच ठाऊक.

"हो," मी म्हटलं, "देतात."

दोन-तीन मुठी तांदूळ तिने पुढे सारले. शीर हळूहळू सैल झाली.

"बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग जरा वेळाने, तशीच खाली पाहत, "मंगळवारी तूच असतेस नं तिथं?"

"मीच असते."

"गर्दी कधी नसते?"

"तीननंतर."

"बरं."

आमचं एवढंच बोलणं झालं. ही की ती, ते मला अजून माहीत नाही, मंगळवारी तीननंतर कळेल, किंवा ती ठरवेल तेवढंच कळेल. मी सूप चेहऱ्याजवळ धरलं आणि खडा शोधू लागले. माझ्या सुपात एकही खडा नव्हता. तिच्याही सुपात एकही नव्हता. तरी आम्ही दोघी ऊन डोक्यावर येईपर्यंत निवडत बसलो.